कन्व्हर्टरची डबी

दुकानदाराने गाण्याचा आवाज अधिक स्पष्ट करणाऱ्या कन्व्हर्टरची डबी आठवडाभर वापरून पाहायला दिली होती. “स्टिरिओला जोडा, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येईल!” पियानोचे सूर जुळवून देणाऱ्या काकांनी नेहमीचं गाणं डबी जोडून ऐकलं, काढून ऐकलं, फरक काही कळेना. काका चक्रावले. यंत्र खोटं की कान म्हातारे? कानच गेले तर धंद्यात उरलं काय? शेवटी त्यांनी काकूंना समोर बसवून गाणं आधी डबीशिवाय ऐकवलं, मग डबी जोडली. “आता ऐक. काही वेगळं वाटतंय? खरं सांग हं.” काकूंनी डोळे मिटून ऐकलं, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला. “छे! दुकानदारानं तुम्हाला शेंडी लावली.” काकांचा जीव भांड्यात पडला. “तरी म्हटलं, माझे कान असे दगा देणार नाहीत!” त्यांनी लगबगीने वायरी सोडवायला घेतल्या. काकू उठल्या, दारापाशी घुटमळल्या. “अहो, डबी काढायच्या आधी तेवढं गाणं आणखी एकदा लावता?” काकांचा हात वायरीवरच थांबला.