डावीकडे कललेली चाकं

“तुझे बाबा फक्त डावीकडेच वळतात का गं?” मेकॅनिक हस्कलनं विचारलं.

मार्नी गाडीखाली वाकली. दोन सीटची ती लाल स्पोर्ट्स कार लिफ्टवर चढवलेली होती. उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड पार गुळगुळीत झाली होती. डाव्या टायरवर मात्र नव्या रबराचे बारीक केस अजून शाबूत होते.

“अलाइनमेंट बिघडली असेल,” ती म्हणाली.

“बिघडली नाही, लावलीय.” हस्कलनं पडद्यावरचे आकडे दाखवले. “दोन्ही चाकं वरून डावीकडे कललेली, आणि तीही मोजूनमापून. खड्ड्यात आदळून असं होत नाही. दोरी ताणून, बोटांनी चाचपून असं काम करणारा अख्ख्या इंडियाना राज्यात मला एकच माणूस माहीत आहे. मी त्याच्याच हाताखाली शिकलो.”

तो माणूस म्हणजे मार्नीचा बाप, डेलबर्ट. चाळीस वर्षं त्यानं शर्यतीच्या गाड्यांची चाकं लावली. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांना नजरेच्या मधोमध काळा डाग दिसायचा. समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, फक्त कान दिसायचे. गेल्या वर्षी लायसन्स त्यानं स्वतःहून नेऊन दिलं आणि पुन्हा गाडी चालवणार नाही, असा बायबलवर हात ठेवून मुलीला शब्द दिला. गाडी विकायची मात्र नाही म्हणाला.

मार्नीला लख्ख उलगडा झाला. गावाबाहेर अंडाकृती ट्रॅक होता. दर शनिवारी दुपारी, मोठ्या शर्यतीच्या आधी, तिथं कुणीही आपली घरची गाडी उतरवावी. दोन गाड्या, दोन फेऱ्या, आणि सगळी वळणं डावी. हेल्मेट घातलं की आत कोण बसलंय हे बघायला जातंय कोण?

“म्हातारा मरेल,” ती म्हणाली, “नाहीतर कुणाला तरी मारेल.”

“घरी विचार तरी.”

“टायर कसा झिजला म्हणून आईला दोनदा विचारलं. म्हणते, डेलबर्ट त्या स्टीअरिंगला हातसुद्धा लावत नाही, देवाशपथ. तिला काय कळणार? शनिवारी ती दिवसभर चर्चमधल्या बायकांबरोबर गोधड्या शिवत बसते.”

हस्कल हसला. मार्नीच्या आईला, नेवाला, सगळं गाव ओळखायचं. ती पिकअप घेऊन निघाली की मागे वरात लागायची. एकदा तर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून तिच्या पुढे गेला होता.

“नवा टायर घाल,” मार्नी म्हणाली, “आणि चाकं सरळ कर. सोमवारी गिऱ्हाईक येतंय, विकूनच टाकते. राहू दे मग माझ्यावर रागावून.”

“सरळ करतो. पण मग ही गाडी तिथं वळायची नाही हां. इतके दिवस जशी वळायची तशीच वळेल या भरवशावर कुणी पळवली, तर नाक थेट भिंतीकडे. त्याला सांगशील ना?”

“सांगेन.”

शुक्रवारी संध्याकाळी तिनं गाडी घरी आणून लावली. डेलबर्ट गॅरेजमध्ये आला, उकिडवा बसला आणि नव्या टायरवरून हात फिरवला.

“टायर बदललास, बरं केलंस. चाकांच्या कोनाला नाही ना हात लावला त्या गाढवानं?”

“नाही,” मार्नी म्हणाली.

खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्यानं सकाळ व्हायच्या आत दोरी ताणून सगळं पुन्हा होतं तसं केलं असतं. गाडीची चावी तिनं आपल्या पर्समध्ये टाकली. चावीच नाही म्हटल्यावर भीती कसली?

शनिवारी दुपारी ती सहज घरी डोकावली. घरात कुणी नव्हतं. गॅरेज रिकामं होतं. दुसरी चावी असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. स्वतःच्या कपाळावर हात मारून ती तशीच गाडीत बसली आणि वाटेतला एकही सिग्नल तिनं जुमानला नाही. बापाला त्या गाडीतून ओढून काढायचं, लोक हसोत नाहीतर पोलीस येवोत, एवढंच ती ठरवत होती.

ती ट्रॅकच्या फाटकातून आत धावली तेव्हा निशाण पडत होतं. लाल गाडी आणि एक निळी गाडी एकदमच सुटल्या.

आणि कुंपणाच्या जाळीपाशी, घडीच्या खुर्चीवर, मांडीवर मक्याच्या लाह्यांची पिशवी घेऊन डेलबर्ट बसला होता.

मार्नी त्याच्याकडे धावली. तिनं बापाचे खांदे घट्ट धरले आणि ढसाढसा रडायला लागली.

“मला वाटलं तुम्हीच आत आहात.”

“मी? मला कान दिसतात, रस्ता नाही. गप बस जरा, ऐकू दे.”

“मग कुणाला दिलीत गाडी? शेजारच्या त्या मिलरच्या पोराला?”

डेलबर्टचं लक्ष ट्रॅकवरच्या आवाजाकडे होतं. त्यानं मान तिरकी केली होती. गाड्या पहिल्या वळणाशी पोचल्या आणि टायरचा लांबलचक आवाज आला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लाह्या मांडीवरून सांडल्या.

“उजवा पुढचा ओरडतोय. वळत नाहीये ती. चाकं सरळ आहेत.” तो धडपडत उठला. “मार्नी, चाकं कुणी सरळ केली?”

मार्नीनं जाळीतून बघितलं. लाल गाडी वळणाच्या बाहेर बाहेर सरकत भिंतीकडे चालली होती.

“नेवा,” म्हातारा दोन्ही हातांनी जाळी धरून ओरडला, “पाय काढ, नेवा, पाय काढ.”