सगळ्या जगांत चालणारा नियम

टेबलावर मांडायच्या अंतराळयुद्धाचे नियम दोघा भावांना तोंडपाठ होते, पण दर रविवारी त्यांना नवं जग लागायचं. बोटाएवढे सैनिक तेच. या वेळी समुद्राखालचं राज्य होतं, म्हणून लेसर बंदुकीचा भाला झाला आणि रणगाड्याचा खेकडा.

"खेकडा कधी सरळ चालतो का?" धाकटा अडून बसला.

"मूळ नियमात रणगाडा सरळच जातो," थोरलाही हटेना.

शेवटी फासा टाकला. धाकट्याला दोन पडले, थोरल्याला पाच. खेकडा मुकाट्याने सरळ चालू लागला.

"जग कुठलंही असो, हा एक नियम आम्ही बदलत नाही," थोरल्याने आईला कौतुकाने सांगितलं. "वाद झाला की फासा टाकायचा. ज्याला जास्त पडेल त्याचं खरं. मनात अढी ठेवायची नाही."

आईने फासा उचलून दोघांच्या मधोमध ठेवला. "मग गच्चीवरच्या त्या वीतभर जागेचंही आत्ताच मिटवून टाका. तुमचे वकील म्हातारे व्हायला आले."

कोर्टात इतक्या वर्षांत झालं नव्हतं, ते दोघांचं एकमत त्या टेबलाशी झालं. दोघे एकदमच म्हणाले,


"आई, तो काय खेळ वाटला तुला?"