इसबगोलाचे पाव

चौथ्या खेपेचेही पाव दगड झाले. मावशींनी एक उचलून ओट्यावर आपटला. ओटा वाजला, पाव जसाच्या तसा.

"दार अडवायला बरा आहे," खिडकीजवळून त्यांचे यजमान म्हणाले. घड्याळांचं दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी ते रोज कुणाचं ना कुणाचं घड्याळ उघडून बसलेले असत. गल्ली त्यांना घड्याळजीच म्हणे.

मावशींना हसू आलं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत चौतीस वर्षं पाव भाजलेली बाई ती. पिठाला नुसतं बोट लावून आज किती फुगेल ते सांगायच्या. आणि आता चिमी-जावयाला बोलावलेलं सुट्टीच्या दिवशीचं जेवण पाच दिवसांवर आलेलं, तर जावयाला गव्हाचा कणही चालत नव्हता.

चिमीनं फोनवर बजावलं होतं, "आई, काही करत बसायचं नाही हं. पोटात जरासा गहू गेला की दोन दोन दिवस उठता येत नाही त्यांना. आम्ही त्यांचा डबा घेऊनच येऊ."

"माझ्या घरी येणारा माणूस स्वतःचा डबा घेऊन येणार? मग मी चौतीस वर्षं काय गवत कापलं?"

लग्नानंतर तो पहिल्यांदाच या घरी येणार होता. लग्नाला मावशी एकट्याच गेल्या होत्या. घड्याळजींनी त्या दिवशी गुडघा दुखत असल्याचं सांगितलं होतं.

"तो समोर बसला तर मी बोलू काय?" ते आताही म्हणाले.

"बोलू नका. दार तेवढं उघडा."

मावशींनी आधी ओव्हन घासला. एक अख्खी सकाळ त्यात गेली. मग मळायची लाकडी फळी पुसायला घेतली आणि मध्येच थांबल्या. फळीच्या भेगांत इतक्या वर्षांचं पीठ बसलेलं. ते काही निघणारं नव्हतं. त्यांनी फळी उचलली आणि शेजारणीच्या हातात दिली.

"अहो, हिला तर तुम्ही मला हात लावू द्यायच्या नाहीत!"

"आता ठेवूनच घे."

मग त्या औषधाच्या दुकानात गेल्या.

"इसबगोल? तीन पाकिटं?" दुकानदारानं आवाज खाली आणला. "मावशी, पोट बरं आहे ना?"

"माझं ठणठणीत आहे. जावयासाठी पाव करायचेत."

दुकानदारानं पाकिटं कागदात गुंडाळून दिली.

तांदळाच्या पिठाला ओढ नसते. मळा, आपटा, काही करा, ते एकमेकांना धरतच नाही. भिजवलेला इसबगोल त्याला धरून ठेवतो, हे मावशींना पाचव्या खेपेला उमगलं. पण ते पीठ इतकं सैल झालं की ताटात पसरून त्याच्या भाकऱ्याच झाल्या. मावशी स्टुलावर बसल्या. एवढा जाणता हात, पण आज त्याला काही सुचत नव्हतं.

घड्याळजींनी मान वर करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ओट्यावर बारा गोल कड्या आणून ठेवल्या. पत्र्याचे डबे कापून केलेल्या. एकीचीही धार बोटाला लागत नव्हती. सगळ्या कानशीनं घासून काचेसारख्या केलेल्या.

"यात ओत. पसरणार नाही."

मावशी कड्यांकडे बघत राहिल्या. "गुडघा बरा आहे वाटतं आता."

"पाव बघ तू," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

पाव फुगले. पण गरम असताना मोडला की आत चिकट गोळा. मावशींची घाई नडत होती. गव्हाचा पाव गरम मोडता येतो, याला मुरायला वेळ द्यावा लागतो. साठीपुढच्या बाईनं पुन्हा पहिलीत बसावं तसं त्यांनी तेही शिकून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी बेल वाजली. दार घड्याळजींनी उघडलं.

जावई शाळेत भूगोल शिकवायचा. उंच, जरा वाकून बोलणारा. टेबलाशी बसताना त्यानं डबा संकोचानं मांडीवरच ठेवला. मावशींनी पावांची टोपली त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी पिठांच्या रिकाम्या पिशव्या मांडल्या.

"यावर लिहिलंय ते वाचा. ओव्हन घासलाय, भांडी नवी आहेत. तरी वाचा. पोट तुमचं आहे."

त्यानं खरंच एकेक पिशवी वाचली. मावशींना ते आवडलं. मग त्यानं डबा खुर्चीखाली सरकवला आणि पाव मोडला. आत बारीक जाळी पडली होती. त्यानं एक खाल्ला. दुसरा घेतला.

"दहा वर्षांत पहिल्यांदा पाव खातोय," तो म्हणाला. जरा वेळानं विचारलं, "इतके सारखे गोल कसे जमले?"

"कड्या मी केल्या," घड्याळजी म्हणाले.

"हातानं?"

"कानशीनं. थांबा, दाखवतो."

ते उठून कानशी घेऊन आले. जेवण निवत होतं आणि दोघं कानशींचे दाते बघत बसले होते. चिमी मावशींकडे पाहत होती, मावशी दुसरीकडे.

तेवढ्यात फोन वाजला. चिमीनं तो मावशींपुढे धरला.

"माझ्या आईचा आहे. तिला तुमच्याशीच बोलायचंय."

मावशींनी हात पुसून फोन घेतला.

"हो विहीणबाई, तीन पाव खाल्ले जावयानं. हे? हे तर मघापासून त्याला सोडतच नाहीयेत. अहो, उपकार कसले त्यात? आमचा मुलगा गेला तेव्हा चिमीचं या घरातलं सासर संपलं, एवढंच. माहेरं आता दोन झाली तिला."