थेट समुद्रावर

'लाव्हाच्या डोंगरांतून थेट समुद्रावर!' ही जाहिरात वाचून बॅकपॅकर मंडळी नाशिकला द्वारका चौकात योगेशच्या बसमध्ये चढली. पहिला चहा घोटीला झाला, योगेशच्या आत्याकडे. पुढे मावशी, मग साडू. आता दारावरून तसंच कसं जायचं?

तिसऱ्या दिवशी जर्मनीच्या हानाने इंग्रजीत विचारलं, "समुद्र किती लांब?"

"जवळच. अजून तीन आत्या."

सगळी बस भडकली. आता कुठेही थांबायचं नाही! योगेशने मुकाट्याने गाडी हाणली. पुढच्या गावात चहाचं आधण ठेवून एक म्हातारी रस्त्यावर हात करत उभी होती. ती मागे पडली. समोर समुद्र चमकला, पण सगळे मागे वळून म्हातारीकडेच बघत होते.

"गाडी वळवा," हाना चक्क मराठीत म्हणाली, "आत्याला काय वाटेल?"