आईचा खडा

आई गेल्यावर बाबांनी तिचे स्फटिक धुवायला काढले. दोघंही डोंगर पालथे घालून ते वेचायचे. ज्याला सापडले त्यानेच साफ करायचे. एक काचेसारखा चौकोनी खडा मात्र आई कोरड्या ब्रशनेच झाडायची. बाबा त्याला आळस म्हणायचे. तोच त्यांनी कोमट पाण्याच्या वाडग्यात टाकला. जेवून आलो तर खडा गायब! “तू उचललास?” “मी कशाला उचलू?” बाबांनी ओटा धुंडाळला, स्वतःचे खिसे उलटे केले. “पाय फुटले की काय त्याला?” मला शंका आली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. “बाबा, ते मीठ होतं.” त्यांनी वाडग्यात वाकून पाहिलं. “ती मला हे कधी बोलली होती का गं?” मी वाडगं बेसिनकडे नेलं. “ओतू नकोस!” त्यांनी वाडगं खिडकीतल्या उन्हात ठेवलं, समोर खुर्ची ओढून बसले.