वळणावरची हडळ

अकोल्याच्या मनोहर तायड्यांनी भुताच्या एकतीस कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून त्यांच्या लेकीनं, प्रियदर्शनीनं, मोठ्या हौसेनं ऑनलाइन विश्वकोशात त्यांचं पान टाकलं. आठ दिवसांत ते उडालं. कारण दिलं होतं, 'लेखकाची कुणी दखल घेतल्याचे स्वतंत्र पुरावे नाहीत.' तायडे असे फुगून बसले, की चहासुद्धा घेईनात.

तेवढ्यात मोबाइल चाळता चाळता प्रियदर्शनी खो खो हसत सुटली.

"बाबा, पयल्या कादंबरीत वरूडच्या वळणावर तुमी मनानंच एक हडळ उभी केली होती ना? जिले आता ट्रकवाले संत्रं ठेवून जातात?"

"मंग? तिचं काय?"



"तिचं पान हाये. पुरावे तेवीस, अन् तिले डोळ्यानं पाह्यलेले लोक नऊ!"