निघण्याआधी मिनिटभर

"उरका लवकर, खाली गाडी उभी आहे," म्हणत हे सकाळपासून घरभर फिरत होते. लेकीशी मात्र थेट बोलत नव्हते. इंजिनिअरिंगची जागा सोडून ती जर्मन आणि रशियन घेऊन बसली, तेव्हापासून ह्यांचं तिच्याशी सगळं बोलणं माझ्यामार्फत. आता त्याच भाषांत एम.ए. करायला ती जर्मनीतल्या विद्यापीठात निघाली होती.

मी तिच्या हातावर दही ठेवलं. तिने ते खाल्लं, देवाला नमस्कार केला आणि बॅग उचलायची सोडून चक्क खुर्चीत बसली.

"आई, तूही बस. रशियन लोकांत कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की घरातले सगळे आधी मिनिटभर गप्प बसतात. बी.ए.ला शिकलोय आम्ही."

"विमान थांबणार आहे का रशियन लोकांसाठी? विचार तिला," हे मला म्हणाले.

"तुम्हीच विचारा," म्हणत मी बसले.

हे घड्याळ बघत दारातच उभे राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, आत आले आणि खुर्ची उरली नव्हती म्हणून तिच्या बॅगेवरच टेकले. घरात कोणी बोलेना. खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला.

मिनिट केव्हाच होऊन गेलं. लेक उठून ह्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, उठा ना. बॅग हवी आहे."

हे उठले नाहीत. तिच्याकडे बघत म्हणाले, "बस गं अजून जरा."